उत्तर आलं की थांबायचं

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे आणि तुम्ही मला रोज तुडवत जाता. दचकू नका. कलकत्त्यात, बागबाजाराच्या पलीकडे ट्रकची वर्दळ असलेला जो रस्ता मध्येच उगाच वळतो, त्या वळणाखाली मी आहे. माझ्या पोटात राख आहे, विटांचे तुकडे आहेत, कुणाची तरी फुटकी कपबशी आहे. वरून डांबर घातलेलं आहे. रस्ता सरळ का काढला नाही, असं लोक विचारतात. आता त्यांना कोण सांगणार, की इथे आधी पाणी होतं आणि हे वळण त्या पाण्याचं आहे!

माझा जन्म हावड्याच्या बाजूचा. सालाच्या एकाच झाडातून कारागिरांनी दोन नावा घडवल्या, मी आणि माझी जुळी बहीण. गाबाच्या फळांचा रस पाजून आम्हाला काळंभोर केलं. मला मनोहर मांझीनं घेतलं, बहिणीला कासिमनं. दोघेही पूर्वेकडच्या गावांतून चिकणमाती आणि भाताचा पेंढा भरायचे आणि शहरातल्या कालव्यातून कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडे पोचवायचे. कालव्याला तिकडे खाल म्हणतात. दुर्गेची मूर्ती आधी माझ्या पाठीवरून जाते आणि मग मखरात बसते, याचा मला भारी तोरा होता. पुलावरून जाणाऱ्या मोटारींनी कितीही भोंगे वाजवले तरी त्यांच्या नशिबी हे नव्हतं.

विसर्जनानंतर मात्र कालव्यात वेगळीच गर्दी व्हायची. माती गळून गेलेले पेंढ्याचे देह भरतीबरोबर परत आत यायचे, हात पसरून, बिनडोक्याचे. ते माझ्या अंगाला घासत जात. मनोहर त्यांना बांबूनं हळूच बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "मा, जरा सर." मला तेव्हा भीती वाटायची. आता वाटत नाही.

त्या कालव्यात एक अवघड वळण होतं. दोन्हीकडे गोदामांच्या उंच भिंती, पलीकडचं काही दिसायचं नाही आणि एका वेळी एकच नाव मावायची. म्हणून नावाड्यांचा एक नियम होता. वळणाशी आलं की "बदर, बदर" अशी हाक द्यायची. बदर हे नावाड्यांचे पीर. नावाडी हिंदू असो की मुसलमान, त्यांचं नाव घेतल्याशिवाय वल्हं पाण्यात घालत नाही. पलीकडून तीच हाक परत आली, तर उत्तर देणारा आधी येणार आणि हाक देणारा थांबणार. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो कुणी मोडल्याचं मी पाहिलं नाही.

शेहेचाळीस सालच्या ऑगस्टात शहरात माणसं माणसांना मारत होती. आम्ही घाईघाईनं शहराबाहेर निघालो होतो. वळणाशी मनोहरनं हाक दिली. पलीकडून कासिमचं उत्तर आलं. त्याचा आवाज बसका होता, हजारांत ओळखू यायचा. आम्ही थांबलो. कासिम आला नाही. ओहोटी लागली तरी आला नाही. पुढच्या भरतीला आम्ही आत गेलो, तर वळणात ना माणूस, ना नाव, ना एखादी फळी. पाण्यावर नुसता पेंढा पसरला होता. मनोहर त्यानंतर बरेच दिवस जेवताना कासिमचा वाटा बाजूला काढत असे.

पुढे देश वाटला गेला. पुष्कळ नावाडी सीमेपलीकडे राहिले आणि कालव्यात गाळ साठू लागला. मग एक दिवस कळलं, की आमच्या पाण्याचा निकाल लागायचा आहे. मित्रांनो, कायद्यात पाण्याच्या दोन जाती असतात. ज्यातून नाव जाते ते पाणी सगळ्यांच्या रहदारीचं, ते कुणाला बुजवता येत नाही. ज्यातून नाव जात नाही, त्याला कायदा पाणी मानायला फारसा तयार नसतो. ते बुजवून रस्ता करायला सगळे टपलेलेच होते. ते बुजलं, तर मनोहरची भाकरी गेलीच म्हणून समजा.

तपासणीला आले ते दिगंबरराव, पुण्याहून बदली होऊन आलेले सरकारी इंजिनियर. सज्जन माणूस. त्यांना बंगाली येत नव्हतं म्हणून दुभाषी म्हणून पत्नी कालिंदीबाई बरोबर होत्या. त्या कलकत्त्यातच जन्मलेल्या, लहानपणी या कालव्यातून फिरलेल्या. "अहो, आपल्या मराठ्यांच्या धास्तीनं याच बागबाजारापासून शहराला खंदक खणला होता," त्या हसत म्हणाल्या. "आणि आता तुम्ही आलात पाणी बुजवायला."

"बुजवायला नाही, बघायला आलोय," दिगंबरराव म्हणाले. "नाव या टोकाकडून त्या टोकाला गेली, की मी तसंच लिहीन. माझं काय जातंय?"

पौषातली सकाळ होती. दोघे माझ्यात बसले होते. धुकं इतकं दाट, की मनोहरला माझं पुढचं टोक दिसत नव्हतं. पण भरती चांगली होती. माझ्या बुडाखाली पुरेसं पाणी होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. आम्ही वळणाशी आलो. मनोहरनं सवयीनं हाक दिली.

"बदर, बदर."

पलीकडून उत्तर आलं. बसका आवाज. मनोहरच्या हातातला बांबू जागच्या जागी थांबला. माझ्या फळ्यांतून शहारा गेला, कारण त्या आवाजाबरोबर पाण्यावरून माझ्या बहिणीच्या अंगाचा, गाबाचा वास आला होता.

"बाबू, जवाब आया है," मनोहर त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "अब रुकना पड़ेगा."

दिगंबरराव थांबले. वल्ह्याचा आवाज ऐकू येत होता, एका लयीत, जवळ येणारा. पण तो जवळ येतच राहिला, पोचला नाही. पाणी हळूहळू उतरू लागलं. कालिंदीबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली आणि मनोहरला बंगालीत विचारलं, की पलीकडे कोण आहे. मनोहरनं सांगितलं. त्यांनी ते नवऱ्याला मराठीत सांगितलं नाही.

"त्याला म्हणावं, चल पुढे," दिगंबरराव अस्वस्थ होऊन म्हणाले. "भरती गेली तर मला 'नाव गेली नाही' असंच लिहावं लागेल. त्याचंच नुकसान आहे."

कालिंदीबाईंनी सांगितलं. मनोहरनं हात जोडले, पण बांबू उचलला नाही. मी चिखलात टेकले. दिगंबरराव भिंतीच्या कडेनं, गुडघाभर गाळातून वळणापलीकडे जाऊन आले.

"कुणी नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा येऊ या का?"

कालिंदीबाईंनी तेही मनोहरला सांगितलं. "कल भी जवाब आएगा, बाबू," तो म्हणाला.

परतताना कालिंदीबाई एवढंच म्हणाल्या, "तुम्हीही ऐकलंत."

"ऐकलं गं. पण नुसत्या ऐकलेल्या नावेचं मी काय लिहू? दिसायला नको का?"

आमचं पाणी नौकानयनास अयोग्य ठरलं. मनोहरला मला बाहेर काढता आलं असतं, एखाद्या मोठ्या भरतीला मी तरले असते. त्यानं तसं केलं नाही. माझ्या टोकावर हात ठेवून म्हणाला, "तू थांब. मला पोटासाठी जायला हवं." तो खिदिरपूरच्या गोदीत पोती उचलायला गेला. मला राग आला नाही, पण दुःख फार झालं. मग राखेच्या गाड्या येऊ लागल्या. माझ्यावर पहिली टोपली पडली, तेव्हाही पलीकडून वल्ह्याचा आवाज येत होता.

रस्ता झाला. त्या वळणावर धुक्यात ट्रकवाला भोंगा वाजवतो, तर पलीकडूनही भोंगा येतो. तो गाडी थांबवून वाट बघतो. कुणीच येत नाही. शिव्या घालत तो पुढे जातो, पण घरी जाऊन कुणाला सांगत नाही.

काही वर्षांनी दिगंबररावांची दिल्लीला बदली झाली. निघायच्या दिवशी, तशाच धुक्यात, ते कालिंदीबाईंना घेऊन वळणावर आले. रस्ता रिकामा होता. ते थोडे लाजले, खाकरले आणि अगदी मराठी वळणानं म्हणाले, "बदर, बदर."

मित्रांनो, जन्मभर मी हाक देणाऱ्याची नाव होते. उत्तर कधी दिलं नव्हतं. पण त्या सकाळी डांबराखालून माझ्या कुजलेल्या फळ्या बोलल्या. आवाज बसका होता. तो माझा होता की आणखी कुणाचा, मला सांगता येणार नाही.

दिगंबरराव थांबले.

"अहो, चला ना," कालिंदीबाई म्हणाल्या. "गाडी चुकेल."

"थांब जरा," ते म्हणाले. "पलीकडून कुणीतरी येतंय."

मुलांनो, तुमच्या गावातही एखादं काळं, साचलेलं पाणी असेल आणि मोठी माणसं म्हणत असतील, की ते मेलंय, बुजवून टाका. त्याआधी काठावर जाऊन त्याला एकदा हाक मारा. उत्तर नाही आलं, तर खुशाल पुढे जा. आलं, तर मात्र कितीही घाई असली तरी थांबा. मी अजून थांबले आहे.