दोनांची सात बिस्किटे

मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. छपराचा नव्हे, बिस्किटे भाजण्याचा. रंगाने काळा, अंगाने जाड आणि उचलायला जड. माझ्याकडे पाहून कोणी हरखून जावे असे माझे रूप नाही. पण मित्रांनो, माझ्यावर एकदा पीठ थापून तर पाहा. खालून करपणार नाही आणि आतून कच्चे राहणार नाही. ही बढाई नव्हे. इतकी वर्षे चुलीच्या पोटात काढल्यावर एवढे सांगायचा अधिकार येतो.

माझा जन्म स्वीडनच्या उत्तरेकडे, नदीकाठच्या एका लाकूडगिरणीत झाला. गिरणीचा जुना बॉयलर मोडीत निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा कोनराड लोहाराने बाजूला ठेवला. गिरणीत ओंडके ओढणाऱ्या हेल्मेरचे लग्न ठरले होते. मित्राला काहीतरी द्यायचे म्हणून कोनराडने तो तुकडा तापवला, ठोकला आणि चारी कडा वर वळवल्या. एका कोपऱ्यावर त्याचा घण जरा जोरात बसला. तो कोपरा आजही किंचित खोल आहे आणि तिथले बिस्किट सगळ्यांत आधी तयार होते. मग जवसाचे तेल चोपडून त्याने मला तीनदा तापवले. तिसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा मी काळाभोर आणि तुकतुकीत झालो होतो. नवी नवरी टीरा हिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि ती कोनराडला म्हणाली, की एवढे वजन रोज उचलायचे तर नवरा मदतीला लागणारच. लग्नाच्या मांडवातली माणसे पोट धरून हसली. हेल्मेर मात्र लाजला. तो पहिल्यापासूनच अबोल माणूस होता.

आमच्या गावात कॉफीला बोलावणे ही साधी गोष्ट नव्हती. नदीच्या या काठावर सात घरे होती आणि दर महिन्याला एका घराची पाळी असे. टेबलावर सात प्रकारची बिस्किटे हवीत. सहा असली तर बाई चिक्कू. आठ असली तर बाई मिरवते. पाहुण्याने प्रत्येक प्रकारातले एक तरी घ्यायचेच, नाहीतर घरच्या बाईचा अपमान झाला. समोरच्या घरातली दागनी तर खुर्चीत बसता बसताच मोजून मोकळी होई. मान हलत नसे, फक्त डोळे फिरत.

टीराची सातही प्रकारची बिस्किटे मीच भाजत असे. लोण्याची, बदामाची, वेलदोड्याची, वरून साखर पेरलेली. दागनी एकदा म्हणाली होती, की टीराचे हात बरे आहेत, पण खरी करामत त्या काळ्या पत्र्याची आहे. टीराला ते टोचले. मला नाही.

मग घरात विजेची चूल आली आणि तिच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे आले. चांदीसारखे चमकणारे, पिसासारखे हलके. मी नव्या भट्टीत मावत नव्हतो. एका सकाळी मला लाकडांच्या खोपटात नेऊन ठेवले आणि माझ्यावर डांबराचे डबे मांडले. सहा वर्षे मी तिथे होतो. कडांना गंज चढला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटले. पण माझे काम संपले असे मला एकदाही वाटले नाही. जाड लोखंडाला वाट पाहता येते.

मला परत आणले ते एका आजाराने. हेल्मेर आता गिरणीतून निवृत्त झाला होता. त्याला सारखी तहान लागे, तो वाळत चालला होता. गावची नर्स मायकेन हिने तपासून सांगितले, की रक्तात साखर झाली आहे, लोणी-साखरेची बिस्किटे आजपासून बंद. घरी पथ्य पाळणे सोपे होते. पण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी टेबलावर सात प्रकार मांडलेले असत. आपल्याला साखर झाली हे गावात सांगायला हेल्मेर तयार नव्हता. तो जाई, सातही खाई आणि घरी येऊन खाटेवर पडून राही.

टीराने ओट्सची बिस्किटे करायचे ठरवले. ओट्स आमच्या शेतातलेच. फळेही घरची: उन्हाळ्यात चकत्या करून, दोऱ्यात ओवून, चुलीवर टांगून वाळवलेली सफरचंदे. साखर अजिबात नाही. पण त्या चमकणाऱ्या पत्र्यांवर ती बिस्किटे खालून ओली आणि पांढरी राहिली, काढताना मोडली. ओट्सना आणि फळांना घाई चालत नाही. फळातला ओलावा हळूहळू सुकावा लागतो आणि त्याला खालून शांत, सारखी आच लागते. टीराने मोडकी बिस्किटे वाडग्यात भरली आणि ती तशीच उठून खोपटात आली. डांबराचे डबे बाजूला झाले. तिने मला वाळूने घासले, तेल लावले आणि जुन्या लाकडाच्या चुलीत तापवले.

तेव्हापासूनची कृती मला पाठ आहे. ओट्स आधी माझ्यावर कोरडेच भाजायचे, खमंग वास येईपर्यंत. मग त्यात शिजवलेल्या सफरचंदाचा गर, बारीक चिरलेली सुकी फळे, एक अंडे, चिमूटभर मीठ आणि अगदी थोडे लोणी. अर्धा तास झाकून ठेवायचे, म्हणजे ओट्स गर पिऊन फुगतात. चमच्याने गोळे ठेवायचे, ओल्या काट्याने दाबायचे आणि कडा तांबूस होईपर्यंत भट्टीचे दार उघडायचे नाही. हेल्मेरने पहिले बिस्किट खाल्ले आणि दुसऱ्याला हात घातला. टीराला तेवढे पुरले.

ऑक्टोबरात आमची पाळी आली आणि टीराच्या हातून मोठी चूक झाली. गावाला नावे ठेवायला जागा नको म्हणून तिने नेहमीचे सात प्रकार केले, आणि हेल्मेरसाठी ओट्सचा आठवा. मी चुलीशेजारी टांगलेला होतो आणि बैठकीचे दार उघडे होते, त्यामुळे मला सारे दिसत होते. आठवी बशी आली आणि बोलणे थांबले. दागनीचे डोळे दोनदा फिरले. मग ती कॉफीत साय ढवळत म्हणाली, "गिरणीचं पेन्शन वाढलेलं दिसतंय."

बाकीच्या गालांत हसल्या. आठव्या बशीला कोणीही हात लावला नाही. आठ प्रकार खाणारा पाहुणा म्हणजे अधाशी, हे सगळ्यांना ठाऊक होते. आणि सगळे पाहत असताना हेल्मेर ती एकटी बशी कशी पुढे ओढणार? त्याने सात खाल्ली. दागनीने आग्रह केला म्हणून बदामाचे आणखी एक घेतले. त्याच्यासाठी भाजलेली बिस्किटे जशीच्या तशी स्वयंपाकघरात परत आली.

त्या महिन्यात त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लाकडाचे कुसळ घुसले. जखम भरेना. अंगठा आधी लाल झाला, मग काळसर. नर्स मायकेन बर्फातून घसरगाडी ढकलत आली, पट्टी सोडून तिने अंगठा दाबून पाहिला.

"हेल्मेरकाका, साखर अशीच राहिली तर आधी अंगठा जाईल, मग पाय. तुम्हाला पाय हवाय की शेजारणींची बिस्किटं?"

"पाय गेला तर काठी घेईन," हेल्मेर म्हणाला. "पण सगळ्यांच्या मधे पथ्याचा म्हातारा होऊन बसणार नाही."

"मग घरीच बस," टीरा म्हणाली.

आणि तो खरेच घरी बसला. तो सारा हिवाळा प्रत्येक बोलावण्याला टीरा एकटीच जाई आणि बर्फावरून घसरण्याची भीती वाटते असे त्याच्या वतीने सांगे. साखर उतरू लागली, जखम सुकू लागली. पण मित्रांनो, माणूसही सुकत चालला होता. कोनराड दोनदा दारावरून गेला तेव्हा हेल्मेर पडद्यामागे उभा राहिला. गावात बोलू लागले, की हेल्मेरला आता आपली सोबत नको झाली आहे.

फेब्रुवारीत मायकेन पट्टी बदलायला आली, तेव्हा टीराने माझ्यावरचे एक गरम ओट्सचे बिस्किट तिच्या हातावर ठेवले आणि विचारले, की कॉफीबरोबर अशी किती चालतील. नर्सने ते खाल्ले, काय काय घातले ते नीट विचारून घेतले आणि सांगितले, की या आकाराची दोन, त्याहून जास्त नाहीत.

ती गेल्यावर टीरा ओट्याशी उभी राहिली. तिने दोन बिस्किटांचे पीठ घेतले, एकत्र मळले आणि त्याचे तुकडे करायला लागली. पहिल्यांदा पाच झाले. मोडून पुन्हा केले. शेवटी माझ्यावर सात इवलेसे गोळे बसले, कोटाच्या मोठ्या बटणाएवढे.

"हे बघ," ती हेल्मेरला म्हणाली. "दोनाची सात होतात."

त्याने बोटाने गोळे मोजले. मग म्हणाला, "सगळी ओट्सचीच? गाव हसेल."

"हसू दे. मोजतील तेव्हा सातच भरतील."

मे महिन्यात आमची पाळी पुन्हा आली. त्या दोन दिवसांत मी जेवढे काम केले तेवढे आयुष्यात केले नसेल. एक प्रकार सफरचंदाचा, एक नासपतीचा, एक आलुबुखाराचा, एक चेरीचा, एक ब्लूबेरीचा, एक रानातल्या आंबट लाल लिंगनबोरांचा आणि एक रानगुलाबाच्या फळांचा. सगळ्यांत ओट्स, कशातही साखर नाही. एवढी लहान बिस्किटे पटकन करपतात. पण एकही करपले नाही. सारे श्रेय माझे, असे मी म्हणत नाही. टीराने भट्टीपुढची खुर्ची सोडली नव्हती.

पाहुणे बसले. हेल्मेरही बसला, हात मांडीवर ठेवून. दागनीचे डोळे फिरले. सात.

"टीरा," ती म्हणाली, "माणसांना बोलावलंयस की उंदरांना?"

हशा झाला. टीरा उत्तर देणार, इतक्यात हेल्मेर बोलला. भरल्या खोलीत आपणहून बोलताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

"मला साखर झालीय. दोन वर्षं झाली. नर्स म्हणते पाय जाईल. दोन बिस्किटं चालतात, म्हणून हिने दोनाची सात केली. तुमच्याबरोबर बसता यावं म्हणून."

कोनराड खिडकीबाहेर पाहू लागला. दागनीचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"आणि गेल्या वर्षी माझ्याकडे सात खाल्लीस. वर दोन."

"तू वाढलीस."

"आणि तू गिळलीस. अरे गाढवा, मेला असतास, तर जन्मभर लोक म्हणाले असते, दागनीच्या टेबलावर मेला."

आधी कोनराड हसला, मग हेल्मेर, आणि मग सगळी खोली. दागनी हसली नाही. तिने एकेक करून सातही बिस्किटे खाल्ली, अगदी हळू. लिंगनचे थोडे आंबट आहे असे तिने बजावलेच. मग ती उठून थेट स्वयंपाकघरात आली आणि तिने मला खुंटीवरून काढले.

"पुढची पाळी माझी आहे. हा मी नेते. कृती सांग."

टीराने कृती सांगितली आणि मला साबण लावायचा नाही हेही सांगितले. दागनीने कृती ऐकली. साबणाचे ऐकले नाही. कुणाच्या घरचे भांडे आपल्याकडे आले की आधी घासायचे, असा तिचा नियम होता. तिने मला साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले आणि सकाळी मी कोल्ह्यासारखा तांबडा झालो. बिचारी तासभर मला वाळूने घासत बसली, आणि तेलाच्या बाटलीसाठी तिला टीराच्या दारात यावेच लागले. पण जूनमध्ये तिच्या टेबलावर सात इवली बिस्किटे मांडली गेली आणि हेल्मेरने सातही खाल्ली.

लाकडाची जुनी चूल कुठल्याच घराने मोडली नव्हती, त्यामुळे त्यानंतर मी त्या काठावरच्या सातही घरांत राहिलो. ज्या घरची पाळी असे, त्या घरी मी हातगाडीतून जाई, हिवाळ्यात घसरगाडीवरून. मोठी, लोण्याची बिस्किटेही परत आली, पण सात लहान बिस्किटांची एक बशी मधोमध असायचीच, आणि ती आठवी आहे असे कोणी म्हणत नसे. हेल्मेरचा अंगठा वाचला. दोन्ही पायांवर चालत तो पुढची अकरा वर्षे त्या टेबलांवर जाऊन बसला.

आता टीराची नात मला वापरते. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तवा, कढई किंवा पत्रा. त्याला पाण्यात बुडवून ठेवू नका. काम झाले की ऊब असतानाच कापडाने पुसा, थेंबभर तेल लावा आणि कोरड्या जागी ठेवा. एवढ्यावर तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. माणसांसाठी माझी एकच विनंती आहे. घरी कोणी येणार असेल, तर काय करायचे हे परस्पर ठरवू नका. आधी त्याला विचारा, "तुला काय चालतं?" चूल त्यानंतर पेटवा.