सातव्या कप्प्याचा पिवळा दिवा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. आणि त्या कर्नेलमधील एकशे चाळीस ओळी माझ्या आहेत. कपाटात ओळीने बसवलेल्या, माहिती साठवणाऱ्या डिस्कांपैकी कोणती निकामी झाली, हे दाखवणारा पिवळा दिवा पूर्वी कपाटच स्वतः लावीत असे. माझ्या ओळींनी तो अधिकार कर्नेलकडे आणला. अधिकार एकाच्याच हाती असावा, हा माझा आग्रह. त्यासाठी साताऱ्यात घरी बसून मी आठ महिने परक्या जाणकारांशी पत्रोपत्री वाद घातला आणि जिंकलो.

सांगलीच्या एका तपासणी केंद्रात माझ्या पत्नीची भाची, डॉक्टर श्रद्धा, प्रमुख आहे. तिथल्या कपाटातील दोन डिस्का चार दिवसांच्या अंतराने गेल्या. एक गेली तरी बाकीच्या निभावून नेतात; पहिली वेळीच बदलली असती तर काहीच बिघडले नसते. दुसरी गेल्यावर अकराशे रुग्णांचे जुने स्कॅन नाहीसे झाले. तंत्रज्ञ जयराज याला कामावरून कमी करण्याचे पत्र तयार होते. सहीपूर्वी एकदा यंत्र पाहावे, म्हणून श्रद्धाने मला बोलावले.

जयराज आष्ट्याचा, सतरा वर्षे फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात, होता. पहिली डिस्क गेली त्या दिवसाचे पान काढून त्याची नोंदवही श्रद्धाने माझ्यापुढे सरकवली. ‘नऊ वाजून दहा : सातव्या कप्प्याला पिवळा दिवा. मशीन बंद करून चालू. दिवा गेला. दहा वाजता : सर्व ठीक.’

“बघा काका. दिवा पाहिला, आणि दहाला मला फोनवर ‘सब ठीक’ सांगितलं.”

“ज्या घटकेला रिपोर्ट, त्या घटकेचीच परिस्थिती सांगायची, मॅडम. फौजेत तेच केलं,” जयराज म्हणाला. “दहाला दिवा न्हवता.”

मी सातव्या कप्प्यात बिघडलेली डिस्क बसवली. दिवा लागला. यंत्र बंद करून चालू केले. डिस्क बिघडलेलीच होती. दिवा मात्र गेला. तीनदा तसेच घडले.

कारण मला ठाऊक होते. माझ्या ओळी सुरू होताना सर्व दिवे विझलेले आहेत असे गृहीत धरतात, आणि तेच गृहीत कपाटावर लादतात. आधी कोणता दिवा लागला होता, हे विचारीत नाहीत. ही शंका त्या वादात एकाने काढली होती. मी तिला चार परिच्छेदांचे उत्तर दिले होते. ते चारही परिच्छेद मला आठवले. आता पश्चात्ताप होईल म्हणून मी थांबलो. तो झाला नाही. त्या खोलीतील थंड वारा मनगटांना लागत होता, एवढेच जाणवले.

मी निवेदन लिहिले : ‘दिवा विझण्याचा दोष सर्वस्वी माझा आहे.’ जयराजने ते दोनदा वाचले.

“सर्वस्वी काढा, सायेब.”

“का म्हणून? दिवा राहिला असता तर तुम्ही कळवले असते. म्हणजे मूळ कारण—”

“तुमचं मूळ लय खोल असंल. पर मला नवाला दिसला व्हता न्हवं? बंद करून चालू केलं की बरी व्हायला डिस्क काय आमच्या भावाची मोटार हाय हिरीवरची?”

“तो शब्द काढला तर नोकरी तुमची जाईल.”

“जाऊ द्या की. माझी चूक तुमी साताऱ्याला न्यायची न्हाई.”

“वाटणीला बसलाय का तुम्ही दोघं?” श्रद्धा ओरडली. मग तिने निवेदन ओढून वाचले. “स्कॅनची दुसरी प्रतही त्याच कपाटात ठेवा, असं मी सांगितलं होतं. तेही लिहा, काका.”

मी तिघांचेही लिहिले. तिने जयराजला काढण्याचे पत्र फाडले नाही. घडी करून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

“जयराज, त्या रुग्णांची यादी घ्या. एकेकाला फोन करून सांगायचंय.”

दुरुस्ती अकरा ओळींची झाली. ती मी तिथूनच त्या परक्या जाणकारांना पाठवली. मग यादीचा अर्धा भाग मागून घेतला.

जयराजने पहिला क्रमांक लावला. इस्लामपूरच्या बनुबाई.

“आवं मावशी, सांगलीस्नं बोलतोय. तुमच्या गुडघ्याचा जुना फोटो हुता न्हवं, तो आमच्याकडनं गेला. चूक आमची हाय.”

“फोटो गेला व्हय? गुडघा हाय तसाच हाय बग. नवा काढाय कवा येऊ?”

“उद्याच या.” त्याने तिच्या नावापुढे खूण केली आणि माझ्याकडे पाहिले.

मी माझ्या यादीतला पहिला क्रमांक लावला. सांगायचे वाक्य मनात नीट रचून ठेवले होते. पलीकडून कुणीतरी “कोण?” म्हणाले. मी माझे नाव सांगितले, आणि पुढचे काहीच सुचेना.