जिवंतांचा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, अक्रोडाच्या लाकडाचा. माझ्या झाडाचा एक अक्रोड फोडला की अर्ध्या गल्लीचं जेवण व्हायचं. खोटं वाटतं? मग झाड होतं तेव्हाच यायचं होतंत.

त्सोलो सुतारांनी मला घडवलं आणि डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या छोट्या शहरात नगरपालिकेच्या दाराशी ठोकलं. तिथेच माझं नशीब फुटलं. आमच्याकडे माणूस गेला की फळ्यावर त्याच्या फोटोचा, खबर देणारा कागद लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. माझ्या अंगावर इतके मेलेले जमले, की पावसात कागद फुगले की वाटायचं, सगळे मिळून श्वास घेतायत.

मग नेदेल्का निवडून आली. नदीच्या बोटीवर तिकिटं फाडणारी. ती ओरडली की पलीकडे रुमानियात कोंबड्या दचकून अंडी घालायच्या! आमची पहिली बाई नगराध्यक्षा. पहिल्याच दिवशी तिने सुरी घेऊन मला खरवडून काढलं.

"इथे आता फक्त जन्मलेल्यांची नावं लागणार," ती म्हणाली.

त्सोलोकाका धावतच आले. "ए बाई, माझी रादा कुठे टाकलीस?"

"तुमच्या बायकोला समोरच्या खांबावर लावलंय, काका. तिथे ऊन चांगलं येतं. गुडघे दुखायचे ना तिचे?"

"फळा मी केलाय!"

"मग आता तिच्या खांबाला रंग द्या."

दिला हो त्यांनी, पुटपुटत दिला.

नेदेल्काचं दुखणं वेगळंच होतं. वर्षाला वीस बाळं झाली नाहीत तर दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद, असा वरून हुकूम आला होता. ती म्हणायची, "खोली गेली की डॉक्टर जाणार, मग शाळा. मग उरणार कोण? मी आणि हे कागद?"

पहिल्या वर्षी तेवीस नावं लागली, एकेका खिळ्याने ठोकलेली; वर्ष सरलं की ती उतरवायचे. प्रत्येक बाळामागे नेदेल्काने गोड पाव भाजला. दुसऱ्या वर्षी डिसेंबर संपत आला तरी एकोणीसच. शेवटच्या दिवशी भर बर्फात दिवस भरलेल्या झोर्नित्साच्या पोटात कळा सुरू झाल्या. नेदेल्काने स्वतः ट्रॅक्टर हाणला आणि तिला दवाखान्यात नेलं. बाळ असं रडलं की सगळ्या छपरांवरचा बर्फ एकदम खाली! त्या वर्षीचा विसावा खिळा नेदेल्काने स्वतःच्या हाताने मारला.

पण नंतर जो तो निघाला. कोणी स्पेनला स्ट्रॉबेऱ्या तोडायला, कोणी जर्मनीत म्हाताऱ्यांना सांभाळायला. आमच्या म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार, ते कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी चौदा नावं. मग सहा. नेदेल्का जिल्ह्याच्या कचेरीत तीन दिवस बाकावर बसून राहिली. तरी खोलीला कुलूप लागलं.

ती मात्र मला तेल लावतच राहिली. पाचव्यांदा निवडून आली तेव्हा विरोधात कोणीच नव्हतं.

"काय रे फळ्या," ती म्हणाली, "मला हरवायला तरी कोणी हवं होतं."

गेल्या हिवाळ्यात नेदेल्का गेली. कारकून तिचा कागद आणि डिंक घेऊन आला. "नगराध्यक्षा होती. तिचा मान म्हणून इथेच लावतो."

काठी टेकत आलेले त्सोलोकाका गरजले, "हात लावून तर बघ! वर गेल्यावर बोलणी मला खावी लागतील."

"मग फळा रिकामाच ठेवायचा?"

"रिकामाच."

त्यांनी तिला खांबावर लावलं, रादाच्या शेजारी, उन्हात.

मित्रांनो, मी थापा खूप मारतो. पण थापेने बाळ जन्माला येत नाही. येत असतं तर मी आज भरलेला दिसलो असतो. तुमच्या गावात असा एखादा फळा असेल, तर त्याला पुसा. त्यावर एखादं नवं नाव असेल, तर ते मोठ्याने वाचा. लाकडाला ऐकू येतं.

मला अजून त्सोलोकाका पुसतात. अजून राहिलेल्या त्या विसाव्या खिळ्याभोवती फडकं जपून फिरवतात. स्वतःचाही कागद त्यांनी आधीच छापून ठेवलाय. खांबावर, रादाच्या दुसऱ्या बाजूला लावायचा, हेही ठरलंय. पण कारकूनही मुलीकडे जर्मनीला गेला. आता आपण गेल्यावर तो कागद लावायला सांगायचं कोणाला, एवढंच काकांना सुचत नाही.