जाऊबाईंची शेड

माझ्या मोठ्या जाऊबाई मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात. भावजी गेल्यावर त्यांनी रंधा हातात घेतला तो कायमचा, आणि बघता बघता घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी त्यांनी परसात फळ्यांची शेड उभी केली. एका भिंतीचा खर्च वाचावा म्हणून ती घराच्या मागच्या भिंतीलाच टेकवली आणि दुपारी आडवं व्हायला आत एक खाटही टाकली.

रंग वाळतो न वाळतो तोच बांधकाम खात्याच्या तपासनीस बाई टेप घेऊन दारात. परसातली शेड घरापासून आणि कुंपणापासून अंतर सोडूनच बांधायची, आणि तिच्यात कुणी झोपायचं नाही, असा नियम त्यांनी सांगितला. आमच्या परसात आमच्या फळ्या, तर लोकांच्या पोटात का दुखावं, असं जाऊबाईंनी विचारलं.

बाई चिडल्या नाहीत. "आत तेल, व्हार्निश, भुसा," त्या म्हणाल्या, "आणि भिंतीपलीकडे तुमच्या सासूबाई झोपतात."

त्यांना दंड लावता आला असता, शेड पाडायला लावता आली असती. त्या फक्त हलवा म्हणाल्या. शेड म्हणजे काय स्टूल आहे, असं पुटपुटत जाऊबाई पुढे आठवडाभर त्यांच्या नावानं खडे फोडत राहिल्या.

सुट्टीच्या दिवशी बाई पुन्हा आल्या, साध्या कपड्यांत. चुन्यानं नवी जागा आखून दिली. आम्ही गल्लीतली माणसं गोळा केली, बेकरीवाला आपल्या दोन्ही जावयांना घेऊन आला आणि एका कोपऱ्याला बाईंनी स्वतः खांदा दिला. अख्खी शेड डुलत डुलत परसाच्या मध्यावर गेली. खाट मुकाट्यानं घरात आली.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही जेवत होतो. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आतल्या आत तापून पेटतात. जाऊबाई एरवी त्या दोरीवर पसरून वाळवायच्या, त्या दिवशी कोपऱ्यात राहून गेल्या. धूर दिसला तोवर शेड धडधडून पेटली होती. शेड वाचणार नव्हतीच. आम्ही मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून घराच्या भिंतीवर पाणी मारत राहिलो. भिंतीचा रंग फुगला, इतकंच. सासूबाईंना ऐकू कमी येतं. उठल्यावर त्यांनी विचारलं, परसात एवढा चिखल कुणी केला.

जाऊबाई म्हणाल्या, "ती बाई देवासारखी आली गं. आणि मी तिला काय काय बोलले."

दोन दिवसांनी त्या स्वतः केलेली एक खुर्ची घेऊन बाईंच्या कचेरीत गेल्या. मी सोबत होते. खुर्ची भेट म्हणून घेतली तर माझीच चौकशी लागेल, असं बाईंनी हसून सांगितलं.

"मग नुसत्या बसा तरी," जाऊबाई म्हणाल्या.

बाई बसल्या. जाऊबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. वाटेत पाठ केलेलं काहीच त्यांना आठवेना.

"म्हातारी वाचली आमची," एवढंच म्हणाल्या, आणि डोळे पुसून लगेच कामाचं बोलल्या. नवी शेड बांधायची होती. नियमात बसते त्याहूनही थोडी लांब घेतली तर चालेल का?

"घरापासून हवी तेवढी लांब घ्या," बाई म्हणाल्या. "कुंपण तेवढं सांभाळा."