साखरबाईच्या बागेतला कामगंध सापळा

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात कन्हेरी गावच्या साखरबाईच्या बागेत पहिला सापळा टांगला गेला. बाग ती केवढी, साठ झाडं पेरूची. फळ वरून पिवळंधमक, पण फोडलं की आत फळमाशीच्या अळ्या वळवळायच्या. तिचा नवरा म्हस्कू आठवड्याला पाठीवरच्या पंपानं औषध मारायचा. त्याचे डोळे लाल व्हायचे, अळ्या तशाच राहायच्या.

सापळा आणला मनिषानं. शेतकीची पदवी घेतलेली ही मुलगी बारामतीहून लुनावर यायची. प्लॅस्टिकचा डबा, त्याला चार भोकं, आत गंधाच्या औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा.

"एवढंच?" म्हस्कूनं विचारलं. "मारायचं कुणी?"

"कुणीच नाही, तात्या. हा रात्रंदिवस आपला आपण काम करतो. थांबा जरा."

एक फळमाशी आली. मग दोन. मग बांधापलीकडनं, वाऱ्याच्या उलट, कुणी हाक मारल्यासारख्या येतच राहिल्या. बघता बघता डबा माश्यांनी तपकिरी झाला. भोकातनं आत गेलेली एकही बाहेर येईना. साखरबाईच्या अंगावर काटा आला.

"हे समदे नर असत्याल," ती हळूच म्हणाली.

मनिषा चमकली. "कुणी सांगितलं, मावशी?"

"सांगाया कशाला पायजे? बापाची मेंढरं राखलीत मी. मेंढी माजावर आली की मेंढा कुठनं कुठनं वारा हुंगत येतो."

"अगदी तसंच! हा गंध नरांनाच ओढतो. नर संपले की माद्यांची अंडी फळत नाहीत."

म्हस्कू दुपारपर्यंत उकिडवा बसून बघत राहिला. भाकरीला हाक मारली तरी उठेना. "एवढासा जीव," तो पुटपुटला, "आन त्याला एवढं कळतंय."

पण माश्या शेजारच्या बागांतनंही येत होत्या. एका डब्यानं भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी साखरबाई मनिषानं दिलेला दुसरा डबा घेऊन हिंदुरावांच्या बांधावर गेली. हिंदुराव मोठे बागायतदार, आधी हसले. माश्या यायला लागल्या तशी त्यांनी नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

दिवाळीपर्यंत अकरा बागांत डबे लागले. हिवाळ्यातल्या बहाराला विसांत एखादंच फळ किडकं निघालं.

डबा रिकामा करताना साखरबाईनं मेलेल्या माश्या ओंजळीत घेतल्या. काहीच वजन नव्हतं. पंखांवर ऊन चमकत होतं.

"अवं," ती म्हस्कूला म्हणाली, "ह्या वाऱ्यात आणखी काय काय चाललेलं असंल, आपल्याला ठावंच न्हाय."

म्हस्कूनं नाक वर करून एक लांब श्वास घेतला. त्याला फक्त पेरूचा वास आला.