निशिकांत अमिनाचा बांबू

देवाशपथ, कालीमातेशपथ, आणि माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर आजपासून मला मासा वर्ज्य.

सरकारी मोजणीवाला आमच्या गल्लीत लोखंडी साखळी घेऊन उभा होता. म्हणाला, "ही गल्ली कुणी आखली?"

"मी," निशिकांतबाबू म्हणाले. आमच्या समोरच राहायचे. अमीन, म्हणजे आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजणारा माणूस.

"नकाशात आठ हात. इथं सहाच भरतात. मोजलीत कशानं?"

निशिकांतबाबूंनी अंगणातला बांबू दाखवला. त्यावर दोडक्याचा वेल चढला होता.

आता हे कसं झालं ते सांगते. फाळणीनंतर आम्ही कलकत्त्याच्या दक्षिणेला एका जमीनदाराच्या दलदलीत घुसलो. डास असे, की एकानं आमच्या ह्यांची छत्री उचलून नेली. हसू नका! पोलीस आले तेव्हा मी असा शंख फुंकला, की हवालदाराची टोपी थेट गंगेत. मग जागा वाटायची वेळ आली न् आपसातच जुंपली. तिकडे पूर्व बंगालात दर परगण्याचा मोजायचा बांबू वेगळा. फरीदपूरवाला म्हणे आमचा, बरिशालवाला म्हणे आमचा. शेवटी बिक्रमपूरचा ठरला, कारण तो सगळ्यांत लांब. निशिकांतबाबूंनी बायकोची ट्रंक तिकडे टाकून तो जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. त्या बांबूनं प्रत्येकाचं अंगण कागदापेक्षा हातभर लांब भरलं. दोन्ही बाजूंनी मोजून जे उरलं, ती गल्ली. अशी झाली आमची धलेश्वरी कॉलनी.

तीस-पस्तीस वर्षांनी सरकार मालकीचे कागद द्यायला निघालं, तेव्हा ते बाहेर आलं.

मोजणीवाला साहेब म्हणाला, "सगळ्यांनी कुंपण हातभर मागे घ्या. इतकी अरुंद गल्ली एका टोकाला बंद चालत नाही, नाहीतर ती पलीकडच्या कालव्याच्या रस्त्याला जोडावी लागेल. एक महिना देतो."

गल्लीच्या बंद टोकाला तरुबालाची झोपडी. विधवा बाई, उडदाच्या वड्या घालून विकायची. गल्ली पुढं न्यायची, म्हणजे तिच्या चुलीवरूनच.

निशिकांतबाबूंनी त्याच दिवशी आपलं कुंपण उपटलं न् हातभर आत रोवलं. मग दारोदार फिरले.

घोषालबाबूंनी चहा पाजला. "अमीनबाबू, तुमचा शब्द मोडवत नाही. पण तिथं तुळस आहे. देवाला हलवू?"

"मी हलवून देतो. पूजेसकट."

"बघू, बघू. पुतण्याला विचारतो."

पुतण्या दिल्लीला. कविराजांच्या, म्हणजे आमच्या वैद्यांच्या, कुंपणाला लागून संडास. ते म्हणाले, "चूक तुमच्या बांबूची, न् भिंत पाडायची मी?"

"बांबू सगळ्यांनी मिळून निवडला होता, कविराज."

"तेव्हा आम्ही निर्वासित होतो हो. अक्कल होती कुठं?"

आमच्याकडे आले तेव्हा पार वाकले होते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी."

आमच्या कुंपणाशी माझं लिंबाचं झाड. वास असा, की गल्लीतल्या मांजरी पण वरणभात मागायच्या. पण मी म्हटलं, घ्या, एका बाईचं घर आहे. ह्यांनी त्याच संध्याकाळी कुंपण मागे घेतलं. तीस घरांत दोनच घरं हलली.

महिना सरला. दुपारी सरकारची माणसं आली न् झोपडी पाडली. तरुबाला रडली नाही. वड्यांचं सूप उन्हातून उचललं, वाळलेल्या वड्या डब्यात भरल्या, ओल्या निशिकांतबाबूंच्या हातात दिल्या.

"वाळवून खा, दादा."

"कुठं जाणार?"

"कॅम्पात. तिकडं भावजय आहे. पहिल्यांदा आले तेव्हाही तिथंच उतरले होते."

घोषालबाबू तुळशीला पाणी घालत होते. भर दुपारी!

तिचं सामान न्यायला हातगाडी आणली होती. अरुंद गल्लीत ती वळेना. अख्ख्या गल्लीत वळायला एकच ऐसपैस जागा, निशिकांतबाबूंच्या न् आमच्या दारांच्या मध्ये. तिथं वळली.

आता गल्ली आरपार आहे. कालव्याचा वारा येतो, सगळे म्हणतात बरं झालं. कागद सगळ्यांना मिळाले. निशिकांतबाबूंनाही, पण हातभर कमीचा.

बरं, एक गोष्ट मी घुसडली. छत्रीची नव्हे, ती खरी आहे. आमचं कुंपण हललं नव्हतं. ह्यांनी पहार काढली होती, मीच म्हटलं, ठेवा ती, आपल्या एकट्यानं काय होणार. हातगाडी वळली ती निशिकांतबाबूंनी सोडलेल्या हातभर जागेत, आमच्या कुंपणाला घासत. लिंबाची एक फांदी मोडली. तरुबाला मागून चालत होती न् मी खिडकीतून ओरडले, "अगं, झाड सांभाळ!"

तिनं फांदी उचलली, कुंपणावरून अलगद आत ठेवली, न् गेली.