कळंबचे घट

मडक्याचा गळा प्रगतीच्या बोटांखाली फाटला आणि ओला गोळा चाकावर कलंडला. सकाळपासूनचा हा चौथा. तिने तो उचलून ढिगावर आपटला, हात पाण्यात बुडवले आणि चाकाच्या खाचेत काठी घालून ते पुन्हा गरागरा फिरवलं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिची सासू ठमाबाई पाठ फिरवून माती तुडवत होती. आज ती सुनेशी एक शब्दही बोलली नव्हती. ओट्यावर सासरे, रावजी, बसले होते. श्रावणात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे.

कळंबात आता चाक फिरत होतं ते या एकाच कुंभाराच्या घरी. प्रगतीचा नवरा अविराज रोज बारामतीला कंपनीत कामाला जायचा. मातीशी त्याचं कधी जमलंच नाही. माती चाळणं, तुडवणं, भट्टी रचणं ही कामं घरातल्या बायकाच करत आल्या होत्या. चाकावर मात्र बाईने बसायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे. नवरात्र सोळा दिवसांवर आलं होतं, घरोघरी घट लागणार होते, आणि काल प्रगतीने पदर खोचून सांगून टाकलं होतं की उद्यापासून ती बसणार. ठमाबाई म्हणाली होती, "माझ्या जित्तेपणी न्हाय." रावजी काहीच म्हणाले नव्हते. त्या गप्प बसण्यालाच होकार समजून प्रगती बसली होती.

दुपारी दादासो आले. देवीच्या देवळाचा कारभार त्यांच्याकडे. चाकावर सुनेला पाहून ते दारातच थबकले आणि बोलले ते रावजींशी.

"तात्या, ह्ये काय चालवलंय?"

रावजींनी डाव्या हाताने बसायची खूण केली, तसे दादासो ओट्यावर टेकले.

"कशाला पोरीच्या जिवाला ताप? इंदापुरातनं टेम्पो सांगतो मी. रंगवलेली, नक्षीची मडकी मिळत्यात आता."

"रंगवलेलं मडकं पाझरत न्हाय," प्रगती चाक न थांबवता म्हणाली. "घट पाझरला न्हाय तर खालचं धान उगवंल कशावर?"

"वरनं पाणी शिंपडू की."

"मग मडकं तरी कशाला मांडायचं?"

दादासोंनी टोपी काढून पुन्हा घातली. "बाईच्या हातचा घट देवीम्होरं ठेवायचा म्हंजे... आजवर झालं न्हाय ते."

"कशावरनं?"

प्रगतीने इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. कॉलेजच्या सहलीत तिने पुण्याच्या एका संग्रहालयात काचेमागचं मडकं पाहिलं होतं, तीन हजार वर्षांपूर्वीचं. आतल्या बाजूला बोटांच्या रेघा होत्या, सासऱ्यांच्या मडक्यात असायच्या अगदी तशा. ती खूप वेळ तिथून हलली नव्हती.

"पुण्याला तीन हजार वर्सांचं मडकं बघितलं मी. पाटीवर गावाचं नाव व्हतं, काळ व्हता," ती म्हणाली. "करणाऱ्याचं नाव न्हवतं. ते बाप्यानंच केलं आसंल, ह्ये कुणी सांगावं?"

दादासो तिच्याकडे न बघता उठले. "पाच दिस थांबतो. न्हाय जमलं तर टेम्पो."

पहाटे स्वयंपाक, अविराजचा डबा, मग चाक. प्रगतीचे तळवे सोलवटले. वाडगं जमू लागलं, पसरट परळ जमला. पण गळा आवळायला घेतला की माती हटकून फाटायची. रावजी ओट्यावरून सांगू बघत. "हलकं... आसं न्हाय, हलकं," म्हणत डावा हात हवेत फिरवत आणि हताश होऊन खाली ठेवत.

"हाताला ठावं असतं गं. तोंडानं सांगायला येत न्हाय."

चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा गळा थरथरायला लागला. चाकाचा आवाज जड झाला होता.

"आंगठा आत घे."

प्रगतीने वळून पाहिलं. ठमाबाई अजून पाठमोरीच होती.

"डावा आंगठा. लोटू नको, नुसता ठेव. माती आपसूक वर येती."

तरी माती वाकडीच गेली. तेव्हा ठमाबाई आली, उकिडवी बसली आणि तिने आपले चिखलाने माखलेले हात सुनेच्या हातांवर ठेवले. गळा सरळ उभा राहिला, काठ वळला. चाक मंदावलं तसा ठमाबाईने न बघताच पाण्यातला दोरा उचलला आणि एका ओढीत मडकं कापून वेगळं केलं.

प्रगती मडक्याकडे पाहत राहिली, मग सासूकडे.

"आत्या, तुमी कधी..."

ठमाबाई हात धुऊ लागली. उत्तर दिलं ते रावजींनी.

"बाहत्तरचा दुष्काळ. मी अन् माझा बा खडी फोडायला गेलतो. घटाच्या दोन दिस आधी आलो, तर समदे घट भाजून रचल्याले. दार लावून केलते तिनं. मी इचारलं न्हाय. तिनं सांगितलं न्हाय."

"मग मला का अडवत व्हता?" प्रगतीने विचारलं.

"मला कुणी बघितलं न्हवतं, पोरी," ठमाबाई म्हणाली. "तुला समदं गाव बघतंय."

पाचव्या दिवशी दादासो आले तेव्हा सावलीत अकरा मडकी वाळत होती. त्यांनी वाकून एक-एक पाहिलं. एकाच्या काठावरून बोट फिरवलं. रावजींनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि हळू आवाजात काही सांगितलं. दादासो बराच वेळ ठमाबाईकडे बघत होते. त्यांच्या आईने दुष्काळाच्या साली मांडलेला घट कुठून आला होता, हे बहुधा त्यांना आत्ताच कळत होतं.

"देवळाला जरा मोठा लागंल," अखेर ते म्हणाले.

प्रगती चाकावरून उठायला लागली. तिला वाटलं, देवळाचा घट सासूच करील. ठमाबाईने ओल्या हाताने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि मातीचा सर्वांत मोठा गोळा चाकाच्या मधोमध ठेवला.

दादासो निघाले. रस्त्यावरून बायका पाण्याला चालल्या होत्या. जाता जाता त्यांनी अंगणाचं दार ओढून घेतलं.

"उघडंच राहू द्या, दादासो," ठमाबाई म्हणाली आणि काठी सुनेच्या हातात दिली.